गाडीचं ॲव्हरेज इंजेक्टर खात नाही

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर थोडक्यात असा: इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, जितका मोठा तितकं इंजिन पेट्रोल पितं, डबल साइजचे टाकले की ॲव्हरेज निम्म्यावर. म्हणून इंजिनाला टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) बसवला तरी इंजेक्टर कंपनीचेच ठेवा, फक्त फ्युएल प्रेशर वाढवून घ्या. मोठे टाकलेच असतील तर रीमॅपवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशोब नव्याने लिहून घेण्यावर, पैसे घालू नका, कॉम्प्युटर आपोआप शिकतो. बारा भोकांचे मिळाले तर सोन्याहून पिवळं, लिटरमागे ५ किलोमीटर वाढतात. आणि हे सगळं डिझेललाही लागू. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘पुढे पाठवा’.

पाठवू नका भो. यात थोडं खरं आहे, पण ते भलत्याच जागी चिकटवलंय.

‘इंजेक्टर मोठा, पेट्रोल जास्त.’ हा समज हवेतून पडलेला नाही. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो खराच होता. मेन जेट, म्हणजे पेट्रोल ओढलं जाणारं ठरावीक मापाचं भोक, एक नंबर मोठी घातली की तेवढ्याच हवेसोबत जास्त पेट्रोल ओढलं जायचं, प्लग काळे पडायचे आणि ॲव्हरेज पडायचं. ज्यांनी मारुती ८०० च्या जेटी फुंकून साफ केल्यात त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. पण इंजेक्टर म्हणजे जेट नव्हे. तो विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आहे. किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि तो आत आलेली हवा बघून ठरवतो. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा किती आत येणार ते थ्रॉटल ठरवतं, म्हणजे तुमचा उजवा पाय.

आपल्याकडे हे ठिबकवरून चटकन कळेल. केळीच्या एका झाडाला ८ लिटर पाणी द्यायचंय. ताशी २ लिटरचं ड्रिपर असेल तर मोटर ४ तास चालवा, ताशी ४ लिटरचं असेल तर २ तास. झाडाला पाणी तेवढंच. ड्रिपर मोठं लावलं म्हणून विहीर आटली असं कोणी म्हणत नाही. मोटर बंद करायला विसरला तरच आटते. उलट लाइटच ८ तास असेल आणि त्यात झाडाला २० लिटर द्यायचं असेल, तर २ लिटरचं ड्रिपर पुरणारच नाही. इंजेक्टरचा आकार एवढंच सांगतो: मिळालेल्या वेळात जास्तीत जास्त किती देता येईल.

आता आकडे. १.२ लिटरची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, ८० च्या स्पीडला लिटरमागे १८ किलोमीटर देतेय. म्हणजे तासाला साडेचार लिटरच्या आत, एका इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला साधारण १८ सीसी. इंजेक्टरची क्षमता मात्र मिनिटाला १५० सीसी धरा. हायवेवर तो बहुतेक वेळ बंदच असतो. २,५०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,२५० वेळा फवारा पडतो, दर वेळी इंजेक्टर ६ मिलिसेकंदांच्या आसपास उघडतो. त्याच गाडीत ३०० सीसीचे घाला आणि मॅप (ईसीयूमधला उघडण्याच्या वेळांचा तक्ता) नीट लिहा, तो ३ मिलिसेकंद उघडेल. पेट्रोल तेवढंच, ॲव्हरेज तेवढंच.

मग मोठे टाकून ॲव्हरेज गेल्याचं सांगणारे सगळे खोटं बोलतात का? नाही. त्यांचं दुखणं आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, असतं. हीच गाडी एसी बंद करून उभी असताना तासाला ७०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जाळते. एका फवाऱ्याला जेमतेम ७ घनमिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबापेक्षाही कमी. १५० सीसीचा इंजेक्टर ते देताना ३ मिलिसेकंदांच्या आसपास उघडतो. ६०० सीसीच्याला पाऊण मिलिसेकंदही पुरतो. आणि इंजेक्टरची सुई काही करंट मिळताच उघडत नाही. उठायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास जातो, बॅटरीचा व्होल्टेज पडला तर आणखी जास्त. याला डेड टाइम म्हणतात. उघडण्याचा वेळ इतका तोकडा झाला की, विशेषतः जुन्या धाटणीच्या इंजेक्टरांत, दर फवारा सारखा पडत नाही. टेस्ट बेंचवर चार काचनळ्या शेजारी शेजारी लावून बघा: लांब फवाऱ्याला चारही नळ्यांत पातळी एका रेषेत येते, तोकड्या फवाऱ्याला एक नळी वर, एक खाली. आयडल डचमळतं. ते लपवायला ट्यूनर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) करून ठेवतो, आणि गावात, सिग्नलला, गेटवर थांबणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज खरोखर बसतं. म्हणजे दोष मोठेपणाचा नाही, गरजेपेक्षा चौपट मोठेपणाचा आणि आळशी मॅपचा.

गरज किती, याचा हिशोब कुठल्याही ट्यूनरला पाठ असतो. साध्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सव्वापाच सीसीच्या आसपास, टर्बोवाल्याला ६ ते साडेसहा. टर्बो लावून १२० हॉर्सपॉवर काढायचे असतील तर साडेसातशे सीसी, भागिले चार, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा राहू नये म्हणून थोडी मोकळीक. साधारण २४० सीसी. कोणी ६०० सीसीचे विकत असेल तर त्याच्याकडे तेच पडून आहेत, असं समजा.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक: कंपनीचेच ठेवा, प्रेशर वाढवा. प्रेशर वाढवल्याने फवारा वाढतो, पण वर्गमुळाने. ३ बारचे ४ बार केले, म्हणजे प्रेशर एक तृतीयांशाने वाढवलं, तर पेट्रोल फक्त १५ टक्के जास्त मिळतं. वर टाकीतला पंप जितक्या जास्त प्रेशरला ढकलतो तितकं कमी पेट्रोल देतो. आणि एक गोष्ट मेसेजवाल्याच्या लक्षातच आलेली नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांत प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर टाकीतच असतो आणि रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर ठरावीक राहतं. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) अर्धा बार हवा कोंबली की इंजेक्टरच्या तोंडाशी उलटं दडपण येतं. ३ बारचा फरक अडीचवर येतो. जिथे पेट्रोल सगळ्यात जास्त हवं, तिथेच ते ९ टक्क्यांनी घटतं.

मे महिना, बाहेर ४५ अंश, गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि चाळीसगावकडून कन्नड घाट चढायला लागलात. फुल थ्रॉटलला टर्बो इंजिनात मुद्दाम जास्तीचं पेट्रोल देतात ते सिलिंडर थंड राहावं म्हणून. ते मिळालं नाही की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) सुरू होतं. खडखड ऐकू येईपर्यंत पिस्टनची कड वितळायला लागलेली असू शकते. पेट्रोल वाचलं खरं, इंजिन गेलं. (आणि असा टर्बो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतल्या फेरबदलांच्या कलमात) बसतो का, हे क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला विचारेल, तेव्हा मेसेज पाठवणारा फोन उचलणार नाही.)

‘कॉम्प्युटर आपोआप शिकतो.’ शिकतो, पण एका हद्दीत. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण रिच की लीन ते सांगतो, ईसीयू त्यावरून इंजेक्टरचा वेळ कमीजास्त करतो. यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात. बहुतेक गाड्यांत ही दुरुस्ती २०-२५ टक्क्यांपर्यंत चालते. १५० च्या जागी ३०० घातले तर ईसीयूला वेळ सरळ निम्मा करावा लागेल. तो हात टेकतो आणि चेक लाइट लावतो, बहुधा पी०१७२, म्हणजे मिश्रण फार रिच असल्याचा कोड. शिवाय सकाळी थंड स्टार्टला सेन्सर तापलेला नसतो, आणि फुल थ्रॉटलला साध्या गाड्यांचा ईसीयू त्याचं ऐकतच नाही. त्या वेळी तो जुन्या इंजेक्टरच्या हिशोबाने वेळ देतो, म्हणजे दुप्पट पेट्रोल. ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून हुंगा; पेट्रोलचा वास आला तर कॉम्प्युटर काय शिकला ते कळेल. उरलेलं कॅटमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन जळतं आणि कॅट आतून वितळतं. रीमॅपचे वाचलेले पैसे तिथे गेले.

बारा भोकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भोकं वाढली की थेंब बारीक पडतात, थंड स्टार्ट सुधारतो, धूर थोडा कमी होतो. पण गरम इंजिनात पेट्रोल तापलेल्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि तिथेच त्याची वाफ होते. जळायचं ते आधीच जवळजवळ सगळं जळत असताना लिटरमागे ५ किलोमीटर येणार कुठून? वाढ दिसलीच, तर जुने इंजेक्टर चोंदलेले होते. ते साफ केले असते तरी तेच मिळालं असतं.

ॲव्हरेज खरंच पडलं असेल तर आधी स्पीडकडे बघा. जळगाव-धुळे चौपदरी झाल्यापासून जो ८० ने जायचा तो ११० ने जातो. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळजवळ १.९ पट होतो. दुसरं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी होते. त्याला हवाही कमी लागते, म्हणून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो. कंपनीचे इंजेक्टर काठावर चालणाऱ्या मॉडिफाय गाडीत हीच जादा मागणी अंगाशी येते. इंजेक्टर बदलण्याआधी आणि नंतर, त्याच पंपावर टाकी फुल टू फुल करून, त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला मोजलंय असा मेसेज अजून तरी कोणी पाठवलेला नाही.

राहिलं डिझेल. इथे मेसेजवाला सत्याच्या थोडा जवळ आहे. डिझेल इंजिनात ताकद हवेवर नाही, डिझेल किती टाकलं त्यावर ठरते. जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरला मोठी नोझल घालून पंप खोलला की ओढ वाढते आणि काळा धूर निघतो, हे शिवारात सगळ्यांनी पाहिलंय. तरी एकाच स्पीडला, एकाच वजनाला ॲव्हरेज निम्मं होत नाही; चालकाचा पाय आपसूक कमी दाबला जातो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आजच्या डिझेल इंजिनात, तर प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूत भरावा लागतो, कारण कंपनीचे नवेकोरे दोन इंजेक्टरही हुबेहूब सारखं डिझेल देत नाहीत. तिथे मोठी नोझल घालून मॅप तसाच ठेवला तर बीएस-६ गाडीत धूर दिसत नाही, तो डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या गाळणीत, साचतो. डीपीएफ चोंदला की गाडी आधी पिकअप सोडते, मग लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला कॉम्प्युटर ताकद कमी करतो.