फुकटची जवारी

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या तीन फ्रेटना, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, खड्डे पडले. पडणारच. फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही. तिच्यावर पोलादी तारा वर्षानुवर्षं दाबल्या की झिजणार कोण, हे उघड आहे. त्यात आमच्या घरात गिटार शिकलेला प्रत्येक जण सी, जी, डी आणि ए मायनर या चार कॉर्डच्याच भांडवलावर जगलेला. बाराव्याच्या पुढचे फ्रेट अजून कोरे करकरीत होते. तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

फ्रेट असा झिजला की दाबलेली तार पुढच्या फ्रेटला घासते आणि झण्ण वाजते. भिंतीपलीकडे राहणारे तात्या शास्त्रीय गाणारे. ते खास दार वाजवून म्हणाले, "आज काय सुंदर जवारी लागलीय रे!"

जवारी म्हणजे हाच झणकार. तानपुऱ्याची तार घोडीवर, म्हणजे ती टेकते त्या पट्टीवर, अशीच हलकी घासावी म्हणून माणसं मिरजेच्या कारागिराची वाट बघतात, पैसे देऊन घोडी तासून घेतात. मला ती आयती मिळाली होती आणि मी ती घालवायला पैसे मोजणार होतो. तात्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

"आणि बदलायचेत कशाला? सतारीचे पडदे सरकवतात तसे सरकव की."

"तात्या, ते दोऱ्याने बांधलेले. हे खाचेत ठोकलेत. एका फ्रेटपासून घोडीपर्यंतच्या अंतराला 17.817 ने भागायचं, तेवढ्यावर पुढचा फ्रेट."

"मग दरबारी रागातला तो खाली उतरलेला गंधार कुठे ठेवायचा?"

यावर कुठल्याही गिटारवाल्याकडे उत्तर नसतं.

वांद्र्याच्या एका गल्लीत गिटारं दुरुस्त करणारे अंकल आहेत असं कळलं. दादरहून लोकलमध्ये गिटार घेऊन चढण्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्याने हे केलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने केलं नाही त्याला खरं वाटणार नाही.

अंकलनी एक डोळा मिटून दांडीकडे पाहिलं. "ये तो गया."

"घासून लेव्हल करता येतील ना?"

"घासने को कुछ बचा है क्या?"

मग आकडा सांगितला आणि स्वतःच म्हणाले, "इसमें नया गिटार आ जाएगा." असा प्रामाणिक माणूस समोर असला की माघार घेणं फार जड जातं. स्टीलचे फ्रेट टाकले तर सहसा झिजणार नाहीत, पण ते कानशी खातात, म्हणून त्याचे आणखी जास्त. काम मात्र गणपतीनंतर. पावसात लाकूड फुगतं.

गणपतीनंतर गेलो. ते एकेक फ्रेट सोल्डरिंगच्या डागणीने तापवून सपाट तोंडाच्या पकडीने उचलत होते. घाई केली तर रोझवुडचे कपचे उडतात. दुसऱ्याच फ्रेटला म्हणाले, "आप बाहर बैठो. आपका मुँह देख के मेरा हाथ हिलता है." मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. आतून हातोडीचा ठकठक आवाज आला की दुसरा मागवायचो.

गिटार घरी आली. तार दाबली की स्वर स्वच्छ, गोल, झणझणाट नावालाही नाही. तासाभरात तात्या हजर. चेहरा पडलेला, बगलेत खोळीतला तानपुरा.

"याची जवारी गेलीय. मिरजेला कोण जाणार या वयात? तुझ्या त्या वांद्र्याच्या माणसाला विचार ना, गिटारमधून काढलेली टाकून दिली की आहे अजून?"