तो केशरी प्रवाह लाव्हाचा नाही

काळ्याकुट्ट जमिनीतून वळणं घेत जाणारा भडक केशरी ओघ असलेला एक फोटो ‘ज्वालामुखीतून वाहणारी लाव्हाची नदी’ म्हणून फिरतो आहे. ही माहिती चुकीची आहे. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी हे छायाचित्र 1996 मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या सडबरी इथे टिपलं. ‘निकेल टेलिंग्स क्र. 34’ असं त्याचं नाव आहे. टेलिंग्स म्हणजे खनिजातून धातू काढल्यावर उरणारा गाळ. म्हणजे उत्तर नावातच होतं. पुढे ढकलताना नेमकं तेच गळालं.

निकेलच्या खनिजात धातू थोडाच असतो. दगड बारीक दळून निकेल काढून घेतलं की उरलेला गाळ पाण्याबरोबर सोडून देतात. या गाळात लोहाची गंधकयुक्त खनिजं भरपूर असतात. हवा-पाणी लागलं की ती गंजतात आणि पाणी असं पेटल्यासारखं दिसतं. त्यातून आम्लही तयार होतं.

रंग संगणकावर चढवलाय, हा दुसरा दावा. त्यासाठीही संगणक लागत नाही, गंज पुरतो. बर्टिन्स्की खाणी, दगडखाणी, जहाजतोडणी अशा माणसाने बदललेल्या जागाच टिपत आले आहेत. त्या बघताना आधी सुंदर वाटतात, मग खटकतात. माझ्या मते तेच त्यांचं बळ आहे, आणि मथळा काढला की तेच हरवतं.

गंमत म्हणजे सडबरीचं खनिज लाभलं ते सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीपातामुळे. आपलं लोणारही अशनीनेच घडवलं, पण ते त्या मानाने अगदीच तरुण. सडबरीत 1978 पासून लाखो झाडंही लावली गेली आहेत. हा फोटो आजच्या सगळ्या सडबरीचा समजू नये.