रिक्वेस्ट संपली म्हणजे वर्कर मोकळा झाला, हे कोणी सांगितलं?

गेल्या शुक्रवारी रात्री साडेनऊला भाचीचा फोन. "मामा, सर्व्हर चालू आहे, सीपीयू नुसता बसलाय, आणि साइट काही उघडत नाही." कोड मागवला. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी तिनं सी भाषेत छोटं मॉड्यूल, म्हणजे सर्व्हरला जोडायचा कोड, लिहिलं होतं आणि त्याच्या लॉग फेजच्या (रिक्वेस्टची नोंद करायच्या टप्प्याच्या) हँडलरमध्ये, म्हणजे त्या टप्प्यात चालणाऱ्या फंक्शनमध्ये, थेट मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये नोंद भरणारी इन्सर्ट टाकली होती. हे कुठे वाचलंस, तर एक फॉरवर्ड: 'मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी पाच सोनेरी नियम'. हाच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला होता आणि मी हसून सोडून दिला होता. चूक माझीच.

ते पाच नियम थोडक्यात असे. कुठल्याही वेब सर्व्हरच्या मॉड्यूलमध्ये रिक्वेस्ट संपल्याची घटना येते, तेव्हा क्लायंट (मागणी करणारा ब्राउझर) निघून गेलेला असतो, म्हणून जड कामं तिथेच करा, हवा तितका वेळ घ्या. लागलेला वेळ मोजून हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या आधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, तिथेच घाला. ही घटना दर रिक्वेस्टला एकदा, हमखास येते. तिथून एरर परत केलात तर क्लायंटला ५०० (सर्व्हरच्या चुकीचा कोड) जातो. आणि मेमरी तिथेच मोकळी करा.

'कुठल्याही वेब सर्व्हरच्या' या शब्दांतच घोळ आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरच्या नेटिव्ह मॉड्यूलमध्ये एंड-रिक्वेस्ट नावाची खरीखुरी घटना आहे. एनजिनएक्समध्ये त्या नावाचं काही नाही. सगळ्यात जवळचा म्हणजे लॉग फेज, अकरा फेजांपैकी शेवटचा. तो नेमका केव्हा चालतो हे बघायला ब्लॉग नकोत. एनजिनएक्सच्या सोर्समध्ये रिक्वेस्ट हाताळणारी फाइल उघडा आणि फ्री-रिक्वेस्ट हे फंक्शन वाचा. फार मोठं नाही, चहा निवायच्या आत वाचून होतं. आधी रिक्वेस्टचे क्लीनअप (आवराआवर करणारे) हँडलर, मग लॉग फेज, मग मेमरी पूल, म्हणजे त्या रिक्वेस्टसाठी राखलेला मेमरीचा साठा, नष्ट. कनेक्शन बंद करायचं असेल तर ते या सगळ्यानंतर.

आता तो 'हवा तितका वेळ'. एनजिनएक्सचा वर्कर म्हणजे एक प्रोसेस, एक इव्हेंट लूप: आलेली कामं एकामागून एक उचलणारं चक्र. त्याच्या अंगावर शेकडो कनेक्शनं असतात आणि तो एका वेळी एकाचंच काम करतो. लॉग हँडलर त्याच लूपमध्ये चालतो, त्याला वेगळा थ्रेड मिळत नाही. तिथे २०० मिलिसेकंदांची ब्लॉकिंग, म्हणजे उत्तर येईतो अडवून ठेवणारी, इन्सर्ट टाकली, की तो वर्कर सेकंदाला पाचपेक्षा जास्त रिक्वेस्टी संपवूच शकत नाही. भाचीच्या मशीनवर चार वर्कर, म्हणजे वीस. बाकीचे सगळे रांगेत, आणि सीपीयू रिकामा, कारण वर्कर काम करत नाहीये, डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलाय. त्या संध्याकाळी डेटाबेस जरा मंदावला आणि त्यासोबत साइटही बसली.

'क्लायंट निघून गेलेला असतो' हेही अर्धवट. कीप-अलाइव्ह, म्हणजे एकच कनेक्शन पुन्हा वापरणं, असेल तर त्याच कनेक्शनवरची पुढची रिक्वेस्ट हँडलर आटोपल्यावरच वाचली जाते. आणि कनेक्शन बंद होणं हीच शेवटाची खूण मानणारा क्लायंट असेल, तर तो चक्क याच रिक्वेस्टसाठी ताटकळतो. बरं, बाइट गेले म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हवाली झाले. पलीकडे पोचले की नाही, हे लॉग फेजला कळत नाही.

एक मान्य करतो, नाइलाजानं. अपाचे या वेब सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत एक चाइल्ड प्रोसेस एका वेळी एकच कनेक्शन सांभाळते. तिथे लॉगच्या हुकमध्ये (तिथलं लॉग फेजचं रूप) रेंगाळलात तर अडते ती तेवढी एकच प्रोसेस. नियम लिहिणारा बहुधा तिथूनच आला असावा. पण बैलगाडी हाकायची सवय घेऊन लोकलच्या केबिनमध्ये बसू नये.

एनजिनएक्सवर लुआ भाषेतला कोड चालवणाऱ्या ओपनरेस्टीवाल्यांनी तर हा प्रश्नच ठेवला नाही. त्यांच्या लॉगच्या टप्प्यात लुआ कोडला नेटवर्क सॉकेट उघडायलाच बंदी आहे, दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलंय. शून्य सेकंदाचा टायमर लावा आणि काम त्यात करा, असा तिथला रस्ता.

हेडरचा नियम म्हणजे वरातीमागून घोडं. लॉग फेज येईतो हेडर केव्हाच बाहेर पडलेले असतात. वाईट म्हणजे, हेडरच्या यादीत नवी नोंद घालणारं फंक्शन तक्रारही करत नाही. पूल अजून जिवंत असतो, नोंद होते, आणि कुठेच जात नाही. मग माणूस अर्धा दिवस ब्राउझरला दोष देत बसतो. आयआयएसमध्ये रिस्पॉन्स फ्लश झालेला नसेल तर शेवटी हेडर घालता येतो, तेवढं खरं. एनजिनएक्समध्ये त्यासाठी हेडर फिल्टर, म्हणजे हेडर बाहेर पडायच्या आधी चालणारा कोड, आहे.

'एकदा, हमखास' हे बरंचसं बरोबर. क्लायंट मध्येच पळाला तरी ४९९ ('क्लायंटनं कनेक्शन तोडलं' हा कोड) घेऊन लॉग फेज चालतो. पण सबरिक्वेस्टसाठी (एका रिक्वेस्टच्या पोटात सर्व्हरनंच काढलेल्या रिक्वेस्टसाठी) तो मुळात बंद असतो, वेगळा डायरेक्टिव्ह (सेटिंगची ओळ) लावावा लागतो. वेबसॉकेट (बराच वेळ उघडं राहणारं कनेक्शन) असेल तर तो कनेक्शन तुटल्यावर येतो, म्हणजे कदाचित चार तासांनी. आणि वर्कर 'किल उणे नऊ'नं (प्रोसेस तडकाफडकी मारणाऱ्या आदेशानं) मारला तर येतच नाही. बिलिंगचे आकडे यावर टांगू नका.

५०० चं काय सांगू? लॉग हँडलरनं परत केलेली किंमत कोणी बघतच नाही. फंक्शन बोलावतात आणि पुढे जातात.

राहिली मेमरी. पूलमधली मोकळी करायची गरजच नाही. पूलबाहेर स्वतः मॅलॉकनं मागून घेतलेली असेल तर क्रम आठवा: रिक्वेस्टचे क्लीनअप हँडलर लॉगच्या आधी चालतात, पूलचे नंतर. तुमचा कॉन्टेक्स्ट (मॉड्यूलची त्या रिक्वेस्टपुरती माहिती) पहिल्या प्रकारात मोकळा केलात आणि लॉग हँडलरमध्ये वाचलात, तर मेलेल्या मेमरीत हात घातलात. कधी चालेल, कधी वर्कर कोसळेल. भाचीच्या कोडमध्ये हेही होतं, फक्त अजून फुटलं नव्हतं.

तिला सांगितलं ते इतकंच: इन्सर्ट काढ, हवे ते आकडे व्हेरिएबलमध्ये ठेव, आणि अ‍ॅक्सेस लॉग सिसलॉगकडे (नोंदी गोळा करणाऱ्या वेगळ्या सेवेकडे) पाठव. ती सोय एनजिनएक्स १.७.१ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. डेटाबेसमध्ये भरायचं काम पलीकडची वेगळी प्रोसेस करील. रात्री सव्वाअकराला तिचा मेसेज आला, "उघडली." खाली तोच फॉरवर्ड, "मामा, आता ग्रुपवर काय लिहू?"

ही लिंक टाक म्हटलं.