‘अंगावरचं दूध पुरत नाही’ हे ठरवायच्या आधी

‘आईच्या दुधाबद्दल तुम्हाला कोणीच न सांगितलेली सात सत्यं’ या नावाचा एक लांबलचक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. नुकत्याच बाळंत झालेल्या भाचीला तो तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. तिघांनीही काळजीपोटीच पाठवला, पण तेवढ्याने तो निरुपद्रवी ठरत नाही. बाळंतीण थकलेली असते, तिची झोप झालेली नसते, बाळ रडत असतं. अशा वेळी ‘तुझं दूध पुरत नाहीये’ एवढं एक वाक्य पुढचे सहा महिने बिघडवायला पुरतं. म्हणून या सातही ‘सत्यां’ना उत्तर देते आहे. त्यातलं दुसरं सगळ्यात घातक आहे, त्यामुळे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पहिला दावा: ‘पहिले तीन दिवस दूध येतच नाही. पिवळा चीक साचलेला असतो, तो काढून टाका आणि दर वेळी दोन औंस पावडरचं दूध द्या.’

चीक हेच पहिल्या दिवसांचं दूध. तो गरोदरपणाच्या मध्यापासून तयार होत असतो. पिवळा रंग कॅरोटीनचा, शिळेपणाचा नव्हे. त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त असतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावर जंतूंना चिकटू न देणारी आयजीए ही प्रतिपिंडं त्यात भरपूर असतात. प्रमाण कमी असतं हे खरं, पण ते कमीच असायला हवं. निरोगी, पूर्ण दिवसांचं बाळ पहिल्या दिवशी एका वेळी साधारण 2 ते 10 मिली पितं, दुसऱ्या दिवशी 5 ते 15, तिसऱ्या दिवशी 15 ते 30. जन्माच्या वेळी पोटाची क्षमताच सुमारे 20 मिली असते. दोन औंस म्हणजे 60 मिली, त्याच्या तिप्पट. एवढं ओतल्यावर बाळ उलटी करतं, नाहीतर सुस्तावून चार-चार तास झोपतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आता कसं शांत झोपलं.’

वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. सिझेरियन, मधुमेह, खूप रक्तस्राव किंवा वारेचा तुकडा आत राहणं, यांमुळे हे लांबू शकतं. अशा वेळी बाळ नीट ओढत नसेल तर चीक हाताने काढायचा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे समोरासमोर ठेवायची. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, पुन्हा तेच. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही, त्याने फक्त दुखतं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही आणि बहुतेक जणी नेमक्या तिथेच सोडून देतात. पुढे थेंब येऊ लागतात ते चमच्यात धरून त्याच चमच्याने बाळाला द्यायचे. चमच्याच्या तळाला दिसणारे ते दोन-तीन मिली हे त्या दिवशीचं एक पूर्ण पाजणं असतं.

दुसरा दावा: ‘पंप लावून बघा. 30 मिलीच आलं, किंवा पाजल्यावर बाळ पुन्हा तासाभरात रडलं, तर दूध कमी आहे. प्रत्येक पाजण्यानंतर वरचं दूध सुरू करा.’

दूध काढायचा पंप हे दूध मोजायचं माप नाही. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं. ते बाळाच्या ओढण्याने आणि स्पर्शाने वाहतं, आणि ताण, वेदना, ‘किती आलं’ म्हणून बाटलीकडे लागलेले डोळे यांनी अडतं. त्यात पंपाच्या शिल्डचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचं, माप चुकलं, म्हणजे स्तनाग्र कडेला घासलं किंवा भोवतालचा काळसर भागही नळीत ओढला गेला, की आणखी कमी निघतं. शिवाय बहुतेक जणी बाळ पिऊन झाल्यावर पंप लावतात. तेव्हा 30 मिली निघणं म्हणजे बाळ पिऊनही तेवढं उरलं होतं!

ऑस्ट्रेलियात एक ते सहा महिने वयाच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या 71 बाळांना चोवीस तास प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर वजन करून मोजलं गेलं. तो अभ्यास 2006 साली ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ही सगळी बाळं चांगली वाढत होती. त्यांचं दिवसाचं दूध सरासरी 788 ग्रॅम भरलं, पण कोणाचं 478, तर कोणाचं 1356. एका वेळचं सरासरी 76 ग्रॅम, आणि तेही शून्यापासून 240 पर्यंत. दिवसातून 6 वेळा पिणारं बाळ होतं, 18 वेळा पिणारंही होतं. बहुतेक बाळं रात्रीही पीत होती. स्तनात उपलब्ध असलेल्या दुधातलं बाळं सरासरी 67 टक्केच पीत होती. पोट भरलं की थांबत होती, स्तन रिकामा झाला म्हणून नव्हे. आणि एक ते सहा महिन्यांत दिवसाचं एकूण दूध जवळपास तेवढंच राहिलं. बाळ मोठं झालं म्हणून आता जास्त हवं, हा हिशेब बाटलीचा आहे, अंगावरच्या दुधाला तो लागू नाही. मग एका पंपिंगच्या 30 मिलीवरून निकाल कसा काय देता?

दूध साठलेलं राहिलं की ते बनण्याचा वेग मंदावतो. साठलेल्या दुधाचा दाब आणि दुधातलेच काही घटक पेशींना थांबायला सांगतात. स्तन जितका उपसला जाईल तितका भरायचा वेग वाढतो. आता फॉरवर्डप्रमाणे वागून बघा. वरचं 60 मिली दिलं, बाळ पुढचं पाजणं चुकवून झोपलं, स्तन भरलेलाच राहिला, वेग मंदावला. हे दिवसातून चार वेळा आणि आठ-दहा दिवस झालं की दूध खरोखर कमी होतं. मग तीच माणसं म्हणतात, ‘आम्ही म्हटलंच होतं.’ जी तक्रार मुळात नव्हती ती या सल्ल्यानेच तयार होते, आणि माझा राग त्याचाच आहे.

पुरतंय की नाही हे बाळाच्या खालच्या टोकाला आणि वजनकाट्यावर कळतं. पहिल्या दिवशी निदान एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, फिकट लघवीचे. शी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या दिवसांत वजन 7 टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे. ते दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण 25-30 ग्रॅमने वाढायला हवं. वजन 10 टक्क्यांहून जास्त उतरलं, पाचव्या दिवशीही शी काळीच आहे, लंगोटात विटकरी डाग पडतायत किंवा बाळ पाजायलाही उठत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तिथे वरचं दूध लागू शकतं आणि ते द्यावं. पण आधी आईचंच काढलेलं, मग उपलब्ध असेल तर दूध बँकेचं (दुसऱ्या आयांनी दान केलेलं), आणि मग पावडरचं. सोबत दर पाजण्यानंतर स्तन उपसत राहायचा.

खरोखर कमी पडत असेल तर बहुतेक वेळा दोष पकडीत असतो. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लावून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला पाठीकडून जवळ घ्यायचं. स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतो. दोन-तीनदा ओढून एकदा गिळल्याचा हलका आवाज यायला हवा. सुटल्यावर स्तनाग्र तिरकं चेपलेलं दिसलं तर पकड उथळ आहे. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून हवा आत सोडायची, बाळाला सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. दिवसातून 8 ते 12 वेळा. संध्याकाळी ओळीने तीन-चार वेळा मागितलं तर तेही द्यायचं.

तिसरा दावा: ‘उन्हाळ्यात दुधाने तहान भागत नाही, पाणी पाजा.’ नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं आणि क्षार इतके कमी असतात की मूत्रपिंडांवर भार येत नाही. भर उन्हाळ्यात फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचा भारतातला अभ्यास 1991 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वरून पाणी द्यायची गरज नाही, असाच त्याचा निष्कर्ष आहे. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं सोडियम उतरलं की झटके येऊ शकतात. उकडत असेल तर जास्त वेळा पाजा, बस्स.

चौथा: ‘सहा महिन्यांनी दुधाचं पाणी होतं.’ यात एक अर्धं सत्य दडलंय, ते मान्य करते. आईच्या दुधात लोह कमी असतं, लिटरला मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ते चांगलं शोषलं जातं, पण जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो. म्हणून तेव्हा लोहयुक्त वरचं अन्न हवंच. ड जीवनसत्त्वही कमी पडतं, त्यासाठी पहिल्या दिवसांपासून रोज 400 युनिटचे थेंब देतात. पण म्हणून दुधाचं पाणी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सहा ते बारा महिन्यांत बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून येऊ शकते, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश.

पाचवा: ‘ताप आला, औषध चालू झालं की पाजणं बंद.’ आईला ताप येईपर्यंत बाळाला तो जंतू लागूनच गेलेला असतो. त्याविरुद्धची प्रतिपिंडं मात्र दुधातूनच मिळतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि बहुतेक प्रतिजैविकं चालतात. कर्करोगाची केमोथेरपी, किरणोत्सारी आयोडीन अशी थोडी औषधं चालत नाहीत, कोडीनही टाळायचं. स्तनाला सूज येऊन ताप आला तरी पाजत राहायचं, थंड शेक घ्यायचा, आणि गाठ रगडून फोडायला जायचं नाही, त्याने सूज वाढते.

सहावा: ‘बुद्धी वाढते, लठ्ठपणा टळतो, हे सगळं बनावट संशोधन.’ इथेही थोडं मान्य करावं लागतं, कारण काही जाहिरातबाज लेखांनी अतिशयोक्ती केलेलीच आहे. बेलारूसमध्ये 31 प्रसूतिगृहं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटून, एका गटात स्तनपानाला पद्धतशीर मदत देऊन, 17,046 माता-बालकांवर प्रयोग झाला. निष्कर्ष 2001 साली आले. पुढे साडेसहाव्या वर्षी मुलांच्या लठ्ठपणात किंवा दम्यात फरक दिसला नाही. भाषिक बुद्ध्यांकात दिसलेला फरक सोळाव्या वर्षापर्यंत जेमतेम उरला. पण पहिल्या वर्षातले पोटाचे संसर्ग 13.2 टक्क्यांवरून 9.1 वर आले, इसब 6.3 वरून 3.3 वर. तेही स्वच्छ पाणी आणि दवाखाने हाताशी असताना. हा भाग फॉरवर्डने सरळ गाळला.

सातवा: ‘पावडर निर्जंतुक असते, कोमट पाण्यात ढवळली की झालं.’ पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. त्यात क्रोनोबॅक्टर हा जंतू सापडलेला आहे आणि नवजात बाळात तो मेंदूज्वर करू शकतो. काही आयांना पावडरचं दूध द्यावंच लागतं. शस्त्रक्रियेत दूधनलिका कापल्या गेलेल्या असतात, स्तनात दूध बनवणाऱ्या ग्रंथीच पुरेशा वाढलेल्या नसतात. त्यांना कोणी बोल लावू नये, पण पद्धत नीट सांगावी. पाणी उकळायचं, 70 अंशांच्या खाली जाऊ न देता पावडरवर वापरायचं, म्हणजे उकळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. डब्यातलाच चमचा, सपाट भरलेला, डब्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापाला. पातळ केलं तर बाळाचं पोषण घटतं, घट्ट केलं तर मूत्रपिंडांवर भार येतो. बाटली नळाखाली धरून गार करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, आणि दोन तासांत न संपलेलं ओतून द्यायचं.