शेवटी 'आय' लावा आणि विद्वान व्हा

मंडळी, चारचौघांत हुशार दिसायचं असेल तर वाचन, अभ्यास वगैरे दगदग अजिबात करू नका. समोरच्याच्या इंग्रजीत एखादं अनेकवचन सापडेपर्यंत दबा धरून बसा आणि सापडलं की घाला झडप. परवा ऑफिसच्या ग्रुपवर मी वैतागून लिहिलं की हा नवा फॉर्म ज्यांनी बनवलाय ते सगळे इग्नोरेमसेस आहेत, कारण एकच पत्ता त्यात चार ठिकाणी भरायचा आणि एक ठिकाण चुकलं की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. मिनिटभरात एका साहेबांचं उत्तर आलं, "इग्नोरेमाय असं हवं." पुढे स्मायली. खाली अंगठ्यांची रांग. फॉर्मबद्दल कोणी चकार शब्द नाही. तर त्यांच्याकडून मिळालेलं ज्ञान असं एकट्यानेच दाबून ठेवणं बरं नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिलं म्हणजे, शब्दाच्या शेवटी 'अस' ऐकू आला की तो लॅटिनच असतो, आणि लॅटिन असला की शेवटी 'आय' लागतोच. कॅक्टसचं कॅक्टाय होतं, फंगसचं फंजाय होतं, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

दुसरं, डिक्शनरी उघडू नका. आत्मविश्वास जातो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो शब्द मुळात आहे काय, आला कुठून, हे चुकूनही विचारू नका. आता हा इग्नोरेमसच घ्या. अर्थ सगळ्यांना माहितीये, ठार अडाणी माणूस. पण लॅटिनमध्ये हे नाम नाहीचे मुळी! क्रियापद आहे. 'आम्हाला माहीत नाही' एवढं अख्खं वाक्य आहे ते एका शब्दातलं. इंग्लंडात पूर्वी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांपुढे, आरोपाचा कागद यायचा, त्यात खटला चालवण्याइतका पुरावा दिसला नाही की ज्युरी त्या कागदाच्या पाठीमागे शेरा मारायची, इग्नोरेमस. आम्हाला यातलं काही माहीत नाही, विषय संपला. किती सरळ माणसं बघा, माहीत नाही तर नाही, लिहूनच द्यायची. मग 1615 साली केंब्रिजमध्ये राजा पहिला जेम्स याच्यासमोर जॉर्ज रगल नावाच्या माणसाचं एक लॅटिन प्रहसन झालं, त्यातल्या वकिलाचं नावच इग्नोरेमस, स्वतःला मोठा कायदेपंडित समजणारा आणि वाट्टेल तसं मोडकं लॅटिन फाडणारा. तिथून हा शब्द अडाण्यांना जो चिकटला तो कायमचा. आता मला सांगा, ज्या क्रियापदात 'आम्ही' आधीच बसलाय, म्हणजे जे मुळातच अनेकवचनी आहे, त्याला वरून आणखी एक लॅटिन अनेकवचन कसं लावणार तुम्ही? 'ठाऊक नाही'चं अनेकवचन 'ठाऊक नाह्या' करण्यातला प्रकार झाला हा. म्हणून इंग्रजीने आपला साधा प्रत्यय लावला, इग्नोरेमसेस, आणि मोकळी झाली. पण नाही, आपल्याला इंग्रजांपेक्षा जास्त लॅटिन येतं ना! आणि अडाणी या अर्थाचाच शब्द, तोच चुकीचा दुरुस्त करायचा, वर स्मायली टाकायचा. याला खरंच प्रतिभा लागते, आमच्यात नाही ती.

असो. शांत होतो.

चौथं, ऑक्टोपस दिसला की सोडू नका. शब्द ग्रीक आहे, ग्रीक अनेकवचन ऑक्टोपोडीस, साधं इंग्रजी ऑक्टोपसेस, पण तुम्ही ऑक्टोपायच म्हणा. आठ पायांच्या प्राण्याला ऑक्टोपाय, ऐकायला मराठीच वाटतं. लोक इतकी वर्षं म्हणतायत म्हणून डिक्शनऱ्यांनीही ते घेतलंय, तेव्हा ऑक्टोपाय म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ऑक्टोपसेस म्हणणाऱ्याला हसणाऱ्याशी.

स्टेटसचं स्टेटाय करून बघा एकदा. लॅटिनमध्ये तो वेगळ्याच गटातला शब्द आहे, तिथेही त्याला 'आय' लागत नाही, पण तुम्ही थांबू नका.

सिलॅबाय म्हणणाऱ्यांनी हे वाचूच नये, पण सिलॅबस हा शब्दच मुळात सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाच्या पत्रांच्या जुन्या छापील प्रतींमधल्या एका चुकीतून जन्मलाय. छपाईच्या चुकीचं शुद्ध अनेकवचन काढताय तुम्ही. चालू द्या.

आणि ऑम्निबस? लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी', म्हणजे शाळेत घोकलेली आपली चतुर्थी विभक्ती. त्यातला मागचा नुसता प्रत्यय तोडून लोकांनी बस हा शब्द केला. म्हणजे आपण सगळे रोज एका चतुर्थीच्या प्रत्ययाला लोंबकळत कामावर जातो, आणि तरी आजवर एकही माईचा लाल "किती बाय गेल्या हो?" असं विचारत नाही. का? तिथे लॅटिन सुचत नाही? तिथे घाई असते ना, समोर गर्दी असते, तिथे विद्वत्ता दाखवून जागा मिळत नाही!

ग्रुपवर मात्र मंगूसचंसुद्धा मंगीज करणारे भेटतात. अरे, मुंगूस आहे ते! आपलं मुंगूस! डिक्शनऱ्या स्वतः सांगतात की हा शब्द मराठीवरून गेलाय. शेवटी गूस दिसला म्हणून गीज? त्या गूसचा, त्या पाण्यातल्या पक्ष्याचा आणि मुंगसाचा काय संबंध? मंगूसेस म्हणतात, साधं आहे. आपल्याच भाषेतून गेलेला शब्द परत येतो आणि आपणच त्याला ओळखत नाही, वर दुसऱ्याला शिकवतो.

पुरे झाला आता उपरोध, सरळच बोलतो. ग्रुपमध्ये निम्मे लोक असे आहेत की जे इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आधी दहा वेळा वाचून बघतात, धीर करून पाठवतात. त्यांना तुम्ही सगळ्यांसमोर टोकता, आणि टोकता तेही चुकीचं. तो माणूस पुढच्या वेळी लिहीतच नाही, नुसता अंगठा टाकून गप्प बसतो, आणि तुम्हाला वाटतं की त्याला पटलं. काही पटलेलं नसतं. तो तुम्हाला कंटाळलेला असतो. डिक्शनरी फोनमध्ये आहे, फुकट आहे, स्मायली शोधायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात शब्द सापडतो. सांगायचंच असेल तर आधी बघून घ्या आणि त्या माणसाला वेगळा मेसेज करा. एवढंही जमत नसेल तर निदान बोटं आवरा, दुसऱ्याचं काम चाललंय तिथे.