सरळ की वाकडी?

आमचे हे फौजेत दफेदार, म्हणजे हवालदारच. रेजिमेंटच्या नावात हॉर्स आहे, म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांना अजूनही वाटतं की हे तिकडं घोड्यांना कुटार टाकतात. खरं म्हणजे 21 वर्षांच्या नोकरीत हे घोड्यावर बसले ते एकदाच, आमच्या वरातीत, अन् तेव्हाही घोडा डीजेला बुजला म्हणून मामानं लगाम धरून ठेवला होता. घोडे जाऊन रणगाडे आले, सवार, दफेदार ही नावं तेवढी राहिली. खरोखरच्या घोड्यांवर आता जयपूरची 61 कॅव्हलरी अन् राष्ट्रपतींचे अंगरक्षक तेवढे.

तर पुढच्या वर्षी हे पेन्शनवर येतात, म्हणून माझ्या डोक्यात आलं की समोरच्या खोलीत टीव्हीच्या वर एक घोडदळाची तलवार लावू. नकली, बिनधारेची. एवढंच.

आधी आर्वीला लग्नाच्या सामानाच्या दुकानात गेली. "नवरदेवासाठी ना ताई?" म्हटलं हो, पण नवरदेव जुना आहे. त्यानं लाल मखमलीचं म्यान काढलं, आतलं पातं पाहिलं तर डालड्याच्या डब्याचा पत्रा बरा. वर म्हणतो, "त्यापेक्षा कट्यार न्या, लिंबू फ्री देतो."

मग गावातला लोहार. तो वखराच्या पाशीला धार लावत होता, मान वर न करता म्हणाला, "ट्रॉलीचा पाटा पडला हाय, ठोकून देतो. सरळ पाह्यजे का वाकडी?"

आता आली पंचाईत. रात्री फोन लावला, म्हटलं अहो, तुमच्या लोकांची तलवार सरळ असते का वाकडी? तिकडं एकदम शांत. मग हळूच, "घरी काही झालं का? आईचं अन् तुझं?"

पण एकदा गाडी सुरू झाली की यांना ब्रेक नाही. 1796 ची इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची तलवार वाकडी, घोड्यावरून सपासप वार करायला, मग सायबांत शंभर वर्षं भांडण की कापायचं का भोसकायचं, अन् शेवटी 1908 ला काढली सरळ, 35 इंची पातं, सगळा जीव टोकात. इतकी डोकेफोड करून तलवार बनवली अन् सहा वर्षांत महायुद्ध लागलं, समोर मशीनगन! मी हसली तर यांना राग आला. 23 सप्टेंबर 1918 ला आताच्या इस्रायलमधलं हैफा आपल्या घोडेस्वारांनीच भाले-तलवारी घेऊन जिंकलं, हे सांगताना आवाज असा की जणू स्वतः हजर होते. आपल्या नागपूरकर रघुजी भोसल्यांची 2025 ला लंडनच्या लिलावातून आणली तीही सरळच म्हणे. ती 47 लाखांच्या वर गेली, माझं बजेट सहा हजार.

पोलीस पाटलांना विचारून घेतलं, कारण हल्ली पोट्टे तलवारीनं केक कापून स्टेटसला टाकतात अन् दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसतात. ते म्हणाले, "वहिनी, धार नको, पावती जपून ठेवा, अन् भाऊंच्या पार्टीचा केक सुरीनंच कापा."

शेवटी ऑनलाइन मागवली, देहरादूनहून, फोटोत चांगली सरळ. पार्सलवाला गावात येत नाही म्हणून आर्वीच्या स्टँडवरून एसटीत घेऊन बसली. कंडक्टरनं विचारलं काय हाय, मी म्हटलं पडद्याचा दांडा. बाजूची बाई लगेच, "केवढ्याले घेतला वं? मलेही पाह्यजे." गाव येईपर्यंत मी त्या दांड्याचा भाव, दुकान, रिंगा, सगळं खोटं सांगत होती.

घरी खोका उघडला. वाकडी! अन् परत न्यायलाही त्यांचा माणूस गावात येत नाही.

खंडेनवमीला सासूबाईंनी ती विळा अन् वखराच्या पाशीमध्ये ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मुठीला झेंडूचं फूल खोचलं. मग म्हणाल्या, फौजेची हाय ना, कोहळं कापून पाहू. मी दोन्ही हातांनी हाणली. टण्णकन उडाली, अन् कोहळं गडगडत अंगणातून थेट गोठ्यात, गाईपुढं.

"सहा हजाराची वस्तू अन् कोहळं कापत नाही बाप्पा," म्हणत सासूबाईंनी विळा घेतला अन् एका घावात दोन फाका केल्या.

मी पूजेचा फोटो यांना पाठवला. दोन निळ्या टिका लगेच आल्या, मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग. शेवटी एकच शब्द आला.

"वाकडी?"