तराजू एकच नव्हता : 'तिबेटी आणि दोन शेजारी' या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की चीनने तिबेट गिळलं, भारताने तिबेटींना आसरा दिला, आणि मी मात्र दोघांना एकाच माळेचे मणी ठरवलं. शिवाय संयुक्त राष्ट्रांत भारत तिबेटच्या प्रश्नावर कायम तटस्थ राहिला, हे माझं विधान चूक आहे.

आधी दुसरा मुद्दा, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १९५९च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, पण १९६५च्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं. 'कायम' हा शब्द मी लेखातून काढतो आहे. पण या सहा वर्षांत बदललं काय? ल्हासातले अत्याचार तर १९५९मध्येही आपल्याला दिसत होते. दलाई लामा त्याच वर्षी ३१ मार्चला आपल्या हद्दीत आले होते. मध्ये घडलं ते १९६२चं युद्ध. भांडण आपलं झालं, तेव्हा तिबेटींचं दुःख आपल्याला मतदानाइतकं मोठं वाटलं. माझा सगळा लेख याच एका गोष्टीबद्दल होता.

चीनशी बरोबरी मी केलेली नाही, करणारही नाही. सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमाला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांनंतरचे तिबेटी बौद्धांचे मोठे धर्मगुरू, म्हणून ओळखलं गेलं आणि १९९५मध्ये चीनने त्याला उचललं. त्यानंतर तो जगाला दिसलेला नाही. शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवा, एवढंच मागणारे ताशी वांगचुक पाच वर्षं तुरुंगात होते. असं भारतात होत नाही, आणि याचा मलाही अभिमान आहे. पण 'चीनपेक्षा बरे' ही फूटपट्टी लावून आपण स्वतःला मोजायचं का?

आपल्या धोरणाचा आलेख बघा. १९५४च्या करारात आपण 'चीनचा तिबेट प्रदेश' असं लिहून दिलं. आचार्य कृपलानींनी त्याच करारातल्या पंचशील तत्त्वांचा जन्मच पापातून झाल्याचं संसदेत सुनावलं होतं. १९६२च्या नोव्हेंबरात, युद्ध अंगावर आल्यावर, आपण तिबेटी तरुणांची गुप्त तुकडी उभी केली. तिचे जवान १९७१मध्ये चितगावच्या डोंगरांत आपल्यासाठी लढले आणि मेले. २००३मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचाच भाग, अशी पुन्हा कबुली. ऑगस्ट २०२०मध्ये पँगाँगजवळ याच तुकडीचा एक जवान सुरुंगाच्या स्फोटात गेला. भाजपचे राम माधव त्याच्या अंत्ययात्रेला लेहला गेले, त्याबद्दल ट्वीट केलं आणि मग ते काढून टाकलं. मला तर हे काढून टाकलेलं ट्वीट सगळ्या करारांपेक्षा बोलकं वाटतं.

राहिला 'आसरा'. तो खरा आहे, मोठा आहे. कर्नाटकातली बैलकुप्पेची तिबेटी वसाहत आपण नेहमी सांगतो, पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ, नॉरग्येलिंग वसाहत १९७२पासून आहे. धानाची शेती, आणि हिवाळ्यात गावोगाव स्वेटरचा धंदा. तुम्हीही कधी तरी तिबेटी बाईकडून स्वेटर घेतला असेल. तिच्याकडे जे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ज्याला ते लोक 'आरसी' म्हणतात, त्यावर ती परदेशी आहे. कायद्यात निर्वासितही नाही, कारण तसा कायदाच आपण केलेला नाही. ठरावीक मुदतीने ते नूतनीकरण करून घ्यायचं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेल्यांना जन्मानेच नागरिकत्व आहे, कायदा तसं स्पष्ट म्हणतो; तरी पासपोर्टसाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१०मध्ये निकाल बाजूने लागला, आणि २०१६मध्ये पुन्हा तोच प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला.

तुम्ही लिहिलंत, 'पाहुण्यांनी कृतज्ञ राहावं.' ते आहेतच. मी भेटलेल्या एकाही तिबेटी माणसाने भारताबद्दल वावगं बोललेलं मला आठवत नाही. म्हणून तर हे आपण बोलायला हवं. तीन पिढ्या इथे राबलेल्या घराला पाहुणा म्हणणं मला जमत नाही.

ठरावाबद्दलचं वाक्य आज रात्री दुरुस्त करतो, चूक तुम्ही दाखवलीत हेही तिथे लिहितो. बाकी लेख आहे तसाच राहील.